सुट्टीचा नकाशा

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात आम्ही एक उद्योग केला. भारताचा मोठा नकाशा भिंतीवर लावला, बाजारातून टिकल्यांची चार पाकिटे आणली (उर्दू शाळेत टिकल्या आणल्या म्हणून स्टाफरूममध्ये आमची पुरेशी थट्टा झाली) आणि मुलांना सांगितले, सुट्टीत किंवा आजवर केव्हाही आपल्या जिल्ह्याबाहेरचे जे गाव तुम्ही पाहिले असेल, तिथे एक टिकली लावा. वर्गात बत्तीस मुले-मुली. दहा मिनिटांत मुंबईवर इतक्या टिकल्या झाल्या की खालचे अक्षर दिसेना. कुर्ला, मुंब्रा, मीरा रोड, नागपाडा ही मुलांच्या हिशेबी वेगवेगळी गावे होती; नकाशाच्या हिशेबी तो एकच ठिपका. त्यानंतर अजमेर, पाच टिकल्या. गोवा तीन. हैदराबाद दोन. दिल्ली एक. कोल्हापूर चार, आणि त्यातल्या तीन दवाखान्याच्या.

एक मुलगा बोटावर टिकली घेऊन नुसताच उभा होता. म्हणाला, "सर, दुबई को कहाँ लगाऊँ?"

नकाशाच्या डावीकडे अरबी समुद्र संपायच्या आत कागद संपतो. त्याने टिकली भिंतीच्या चुन्यावर लावली. त्याच्या मागून आणखी काही जण आले. कुवेत, कतर, जेद्दा. तास संपला तेव्हा भिंतीवर नऊ टिकल्या होत्या. आणि नकाशावर गोव्याच्या खाली काहीच नव्हते. पूर्वेकडे काही नाही, हिमालयात काही नाही, विदर्भ-मराठवाड्यात काही नाही. शेजारच्याच जिल्ह्यातल्या रायगड किल्ल्यावरसुद्धा एक टिकली नव्हती.

तो नकाशा आम्ही अजून काढलेला नाही. हा लेख त्या नकाशाविषयी आहे. काही समाजबांधवांना तो झोंबेल. त्यांनी आधी आपल्या घरातल्या मुलांना हाच प्रश्न विचारावा आणि मग रागवावे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोकणी मुसलमानाच्या घरात 'सुट्टी' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. पुण्या-मुंबईच्या कुटुंबाला सुट्टी म्हणजे आपण कुठे तरी जायचे असते. आपल्याकडे सुट्टी म्हणजे कोणी तरी यायचे असते. "अब्बांची सुट्टी कधी आहे?" हा प्रश्न मुले विचारतात तेव्हा ती शाळेच्या सुट्टीबद्दल बोलत नसतात. दोन वर्षांनी मिळालेल्या त्या दीड-दोन महिन्यांत बहिणीचे लग्न उरकायचे असते, बंगल्याचा वरचा मजला चढवायचा असतो, आईला डॉक्टरकडे न्यायचे असते, जमिनीचा वाद तलाठ्याकडे नेऊन बसवायचा असतो, आणि मध्येच हापूसच्या पेट्या नातेवाइकांना पोचवायच्या असतात. मुंबईचे चाकरमानीही याच मे महिन्यात येतात. घरात माणसे मावत नाहीत. अशा वेळी कोण म्हणणार की चला, जरा म्हैसूर पाहून येऊ? ज्या माणसाने दोन वर्षे परदेशातल्या खोलीत आठ जणांबरोबर काढली, त्याला आपल्या अंगणात खाट टाकून पडावेसे वाटले तर त्याला दोष देणारे आम्ही कोण? त्याला आम्ही दोष देत नाही.

आमचा दोषारोप आहे तो ज्यांना सवड आहे, थोडा पैसा आहे, आणि तरीही ज्यांचा नकाशा तीन ठिपक्यांचा आहे त्यांच्यावर. त्यात आम्ही शिक्षक आलो. दुकानदार, आंबा बागायतदार, मिरकरवाड्यातले बोटमालक, बँकेतले, पंचायत समितीतले नोकरदार आले. यांची सुट्टी ठरलेली असते. पैसे कमी असतील तर मुंबईत नातेवाइकांकडे. मध्यम असतील तर अजमेर, जाता-येता हाजी अली. बरे असतील तर दुबई, आणि दुबईत काय पाहिले म्हणाल तर मॉल. परत आल्यावर मुलांना विचारा, तिकडची माणसे कशी राहतात, काय बोलतात? मूल सांगेल, तिथे सगळे आपल्याच मोहल्ल्यातले भेटले.

अजमेरला जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. उमऱ्याची तर गोष्टच निराळी. ती इबादत आहे, तिला सहलीच्या यादीत घालणे हाच अदबीचा भंग होईल. पण जियारत करून आलेला माणूस 'राजस्थान पाहिला' असे सांगू लागला की आम्हाला बोलावे लागते. रात्रीची गाडी, सकाळी दर्गा, दुपारी बाजार, रात्रीची गाडी. अजमेरपासून पुष्कर दहा-बारा किलोमीटरवर आहे. पाच टिकल्यांपैकी एकाही मुलाने ते नाव ऐकले नव्हते. कारण पुष्कर 'त्यांचे'.

खरे दुखणे इथे आहे. आपण देशाची वाटणी करून टाकली आहे, 'आपले' आणि 'त्यांचे' अशी. लाल किल्ला आपला, रायगड त्यांचा. ताजमहाल आपला, अजिंठा त्यांचा (खरे तर त्यांचाही नव्हे, बौद्धांचा, पण एवढा बारकावा कोण पाहतो). गोलघुमट आपला, हंपी त्यांची. १९४७ची फाळणी मान्य नाही म्हणून आपले आजे-पणजे इथे राहिले, असे आपण प्रत्येक प्रजासत्ताकदिनी भाषणात सांगतो. आणि मे महिन्यात आपल्या मुलांच्या डोक्यात एक छोटी फाळणी स्वतःच्या हाताने करतो.

गेल्या वर्षी पालकसभेत आम्ही रायगडचे नाव काढले. एक वयस्कर पालक, भले गृहस्थ, हळूच म्हणाले, "सर, तिथे आपल्या मुलांना काय मिळणार?" त्यांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होते की ती जागा आपली नाही, आपण तिथे गेलो तर कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखे होईल. आम्ही त्यांना विचारले, "चाचा, दापोलीजवळच्या केळशीच्या बाबा याकूतांचे नाव ऐकले आहे का?" ऐकले होते, त्यांच्या आईचे माहेर तिकडचे. शिवाजी महाराज ज्या साधुसंतांना मान देत, त्यांत या केळशीच्या फकिराचे नाव इतिहासात येते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. हे आठवीतल्या मुलांना कोणी सांगायचे? व्हॉट्सअॅपवर इतिहास शिकवणाऱ्यांनी? आपण गडावर गेलो नाही तर तो गड आपल्याविरुद्ध उभा करणे दुसऱ्यांना सोपे जाते. रिकाम्या जागेत कोणीही काहीही भरतो.

आता दुसरी बाजू. ती लपवून लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. आपण जात नाही ते केवळ सवयीने नव्हे, भीतीनेही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्याच जवानाने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग डबे फिरून तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत मुलीकडे निघालेल्या एका वृद्धाला, त्याच्या बरणीत कोणते मांस आहे या संशयावरून, तरुणांच्या टोळक्याने मारले आणि त्याचे चित्रण केले. त्या चित्रफिती आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर फिरल्या. बायकांनी त्या पाहिल्या, मुलांनी पाहिल्या. त्यानंतर एखादी आई म्हणाली की मुलाला एवढ्या लांब गाडीने पाठवणार नाही, तर तिला 'मागासलेली' म्हणणारा माणूस निर्दय आहे.

आमचाही एक अनुभव सांगतो. घाटावरच्या एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. फोनवर खोली आहे म्हणून सांगितलेल्या लॉजमध्ये ओळखपत्र पुढे केल्यावर खोली नव्हती. शेजारच्या लॉजमध्येही नव्हती. दिवेलागणीची वेळ, पाऊस, कडेवर झोपलेले मूल, बुरख्यातली बायको. तिसऱ्या ठिकाणी विचारायचे धैर्य आम्हाला झाले नाही. चहाच्या टपरीवर उभे राहिलो तर टपरीवाल्याने न विचारता सांगितले, वर माडी आहे, चारशे रुपये द्या. सकाळी त्याच्या आईने मुलांना दूध दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. आता यातली कोणती गोष्ट खरी? दोन्ही. पण गावात परत आल्यावर आम्ही लॉजची गोष्ट दहा जणांना सांगितली आणि टपरीची दोघांना. हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

आणि पहलगाम. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनच्या कुरणात सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते. मारणाऱ्यांनी धर्म विचारून मारले. त्याच ठिकाणी सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवताना गोळी लागून मेला. त्या आठवड्यात काश्मीरला निघालेल्या कितीतरी लोकांनी बेत रद्द केले. आमच्या एका सहकाऱ्यानेही केला. त्याने दोन वर्षे पैसे साठवले होते. तेव्हा दुसऱ्या शाळेतला एक परिचित शिक्षक सहज बोलावे तसे त्याला म्हणाला, "तुम्हाला काय भीती?" तो बिचारा काही बोलला नाही. आम्ही इथे बोलतो. भीती आहे, साहेब. मेलेल्यांसाठी आम्हीही रडलो. आणि आमच्यासाठी गोळीनंतर आणखी एक भीती असते, ती तुमच्या या प्रश्नाची.

त्यात सहलीच्या कंपन्यांची जाहिरात. दक्षिण भारत म्हणजे सात देवळे आणि दोन बागा. राजस्थान म्हणजे राजवाडे. जेवण शुद्ध शाकाहारी, स्वयंपाकी सोबत, घरच्यासारखी पोळी-भाजी. शाकाहाराला आमची हरकत नाही. चार दिवस पोळी-भाजी खाऊन आमचा ईमान जात नाही. पण तंजावरला जाऊन पुण्याची पोळी-भाजी खाणारा माणूस आणि दुबईला जाऊन मोहल्ल्यातल्यांना भेटून येणारा माणूस यांत फरक तो काय? दोघेही घर पाठीवर घेऊन फिरतात. गोगलगाय कितीही चालली तरी तिने प्रवास केला असे कोणी म्हणत नाही. हा रोग एकट्या मुसलमानांचा नाही, एवढेच सांगायचे होते. पण दुसऱ्याच्या रोगाने आपला ताप उतरत नाही.

गंमत अशी की फिरणे ही आपल्या रक्तातली गोष्ट आहे. कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा हा आदेश एकदा नव्हे, अनेकदा आला आहे. आपल्या कोकणपट्टीतल्या घराघरांत एके काळी आगबोटीवरचे खलाशी होते. ज्यांना सही करता येत नव्हती अशा माणसांनी मोंबासा, केपटाऊन, रंगून पाहिले होते. आमचे एक दूरचे आजोबा पडवीत बसून बंदरांची नावे जपमाळेसारखी सांगत. त्यांची पणतवंडे आज इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांना साताऱ्याच्या पुढे काय आहे ते ठाऊक नाही.

इब्ने बतूता हे नाव आमच्या मुलांना माहीत आहे, पण ते सिनेमातल्या गाण्यामुळे. तो १३०४ साली तंजीरला जन्मला, दिल्लीला येऊन मुहम्मद तुघलकाच्या पदरी काजी झाला, आणि पुढे सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला तेव्हा खंबायतच्या बाजूने गलबतात बसून याच पश्चिम किनाऱ्याने खाली गेला. आपल्या भाट्याच्या वाळूवरून जो समुद्र दिसतो, त्यातूनच. वाटेत तो होन्नावरला उतरला. होन्नावर म्हणजे कारवारच्या खाली, शरावती नदीच्या मुखावरचे बंदर. तिथल्या मुसलमानांबद्दल त्याने जे लिहून ठेवले आहे ते प्रत्येक उर्दू शाळेच्या दारावर कोरून ठेवावे असे आहे. ते लोक शाफई पंथाचे होते, आपल्यासारखेच. तिथल्या बायकांना कुरआन मुखोद्गत होते. आणि त्या गावात त्याने मुलींच्या तेरा शाळा पाहिल्या, मुलांच्या तेवीस.

चौदाव्या शतकात. मुलींच्या तेरा शाळा. आमच्या तालुक्यात दहावीनंतर मुलीला कॉलेजात पाठवावे की नाही यावर अजून जमातीत खल होतो.

आता पाहा, हे होन्नावर कुठे आहे? आपल्याच रुळावर. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध चालू झाली. आपल्या रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल पाहायला लोक लांबून येतात, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे. पण या रेल्वेचा आपण उपयोग कोणता केला? पनवेल, ठाणे, कुर्ला. स्टेशनवर आपण नेहमी एकाच दिशेच्या गाडीची वाट पाहत उभे असतो. समोरून जी गाडी दक्षिणेकडे जाते तिच्याकडे आपण परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहतो. रात्री त्या गाडीत बसले तर उजाडायच्या सुमारास होन्नावर. थोडे पुढे भटकळ. तिथले नवायत मुसलमान शाफई आहेत, आणि त्यांची बोली कोकणीच्या घरातली, तिच्यात अरबी-फारसी शब्दांचा मसाला. आणखी पुढे कालिकत. तिथे कुट्टिचिराच्या तळ्याकाठी मिष्काल मशीद आहे. मिनार नाही, घुमट नाही, लाकडाचे मजले आणि उतरती कौले, आपल्या पावसाला सोसेल अशी. १५१० साली पोर्तुगिजांनी ती जाळली. तिथला राजा हिंदू होता, सामुद्री, आणि पोर्तुगिजांशी लढण्यात त्याचे मुसलमान दर्यावर्दी पुढे होते.

मशीद म्हटली की घुमट आणि मिनारच हवा असे आपल्या मुलांना वाटते, कारण त्यांनी कॅलेंडरवर दिल्ली-आग्रा पाहिलेले असते. आपल्याच वाडीतल्या जुन्या कौलारू मशिदी पाडून त्यांवर सिमेंटचे घुमट बसवण्याची जी लाट आली, तिचे एक कारण हेही आहे की बांधणाऱ्यांपैकी कोणीही कालिकत पाहिले नव्हते. पाहिले असते तर त्यांना कळले असते की कौलाची मशीद ही गरिबीची खूण नाही. ती समुद्राने आलेल्या इस्लामची खूण आहे. या मुद्द्यावर आमचे पूर्वी एका मशिदीच्या कमिटीशी भांडण झालेले आहे, ते इथे उकरत नाही.

म्हणजे पुन्हा 'आपलेच' शोधायला सांगता की काय, असे कोणी म्हणेल. बरोबर म्हणेल. भटकळ-कालिकत ही फक्त पहिली पायरी. ज्याला भीती वाटते त्याने ओळखीच्या दारातून सुरुवात करावी. एकदा घराबाहेर पाऊल पडले की आपले आणि त्यांचे यांची भेळ आपोआप होते. विजापूरचेच घ्या. आपण तिथे गोलघुमट पाहायला जातो, १६५६ साली पुरा झालेला, घुमटात टाळी वाजवतो, सात वेळा ऐकू आली म्हणून खूष होतो आणि परततो. इब्राहीम रौजापर्यंत फार थोडे जातात. त्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने संगीतावर 'किताब-ए-नौरस' लिहिले आणि त्यात सरस्वतीची स्तुती केली. अशा माणसाला 'आपले' म्हणाल की 'त्यांचे'? आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "सर, मग तो मुसलमान होता ना?" होता, बेटा. तुझ्यापेक्षा कमी नाही आणि माझ्यापेक्षा जास्त नाही.

फार लांब जायचे नसेल तर घराशेजारी चला. रत्नागिरीत थिबा पॅलेस आहे हे जगाला माहीत आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश गिळला, तिथला राजा थिबा याला आधी मद्रासला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी हा जांभ्याचा आणि विटांचा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याची कबर आपल्या शहरात आहे. त्याच्या थोरल्या मुलीने वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी संसार केला, तिचा वंश रत्नागिरीच्या मातीत मिसळून गेला. पुण्याचे लोक गणपतीपुळ्याहून परतताना अर्धा तास येतात, गच्चीवरून खाडी पाहतात, फोटो काढतात. तेही ठीक.

पण आम्ही आठवीच्या मुलांना विचारले, याच इंग्रजांनी आपला एक बादशहा उचलून ब्रह्मदेशात नेऊन टाकला, तो कोण? वर्गात शांतता. बहादुरशहा जफर. १८५८ साली त्याला दिल्लीहून बाहेर काढले, १८६२ साली तो रंगूनला मेला. कबरीची खूण राहू नये अशी काळजी घेतली होती; १९९१ साली खोदकामात ती सापडली. आपला रंगूनला, त्यांचा रत्नागिरीला. मे २०१२ मध्ये आपले पंतप्रधान मनमोहनसिंग जफरच्या मजारीवर गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या कबरीवर आले. त्या दिवशी शहरात केवढा बंदोबस्त होता! एका देशाचा अध्यक्ष जी कबर पाहायला समुद्रापलीकडून आला, ती आमच्या बत्तीसपैकी चौघांनी पाहिली होती. शाळेपासून ती रिक्षाने किती? आम्ही मुलांना चालत नेले.

तीच गत जिल्ह्याची. दाभोळची आदिलशाही मशीद, जिला आपण अंडा मशीद म्हणतो, दापोली तालुक्यात खाडीच्या तोंडाशी उभी आहे. मक्केला निघालेल्या विजापूरच्या शहजादीने ती बांधली अशी आख्यायिका आहे. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक. पालगडला साने गुरुजींचे घर. मंडणगडाजवळ आंबडवे, डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव. हातीसला पीर बाबरशेखचा उरूस, ज्यात हिंदू आपल्या घरचे कार्य असल्यासारखे राबतात. एवढे एसटीच्या टप्प्यात असताना शाळेची सहल दर वर्षी कुठे जाते? वॉटर पार्कला. आम्ही बी.एड.ला 'क्षेत्रभेटीचे शैक्षणिक मूल्य' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून चांगले गुण मिळवले होते. त्या उत्तरात घसरगुंडीचा उल्लेख असल्याचे आम्हाला आठवत नाही.

पैशांचे म्हणाल तर शाळेच्या सहलीला एसटी अर्धे भाडे घेते, आणि मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीत एरवीही अर्धे तिकीट आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात परवा वलीमा झाला. बिर्याणीच्या उरलेल्या देगा रात्री गावभर वाटल्या, तरी सकाळी फेकाव्या लागल्या. एका देगेच्या पैशांत चार माणसे विजापूर पाहून येतील. हे आम्ही त्या घरच्यांना तोंडावर सांगितले, आणि म्हणून पुढच्या लग्नाला आम्हाला बोलावणे आले नाही.

सगळ्यांत अवघड गोष्ट शेवटी ठेवली होती, ती मुलींची. नकाशावर टिकल्या मोजल्या तेव्हा एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मुलग्यांच्या टिकल्या सरासरीने जास्त होत्या. मुलगा मामाबरोबर जातो, ट्रकवाल्या चाचाबरोबर आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केट पाहून येतो, तबलीगच्या जमातीबरोबर परजिल्ह्यात जातो. मुलगी लग्नाला जाते आणि मयतीला जाते. तिची आईही तेवढीच गेली. एका मुलीने मुंबईवर टिकली लावली नव्हती. ती म्हणाली, "मी गेले होते, पण काही पाहिले नाही. फुफीच्या घरात होते." एवढा प्रामाणिकपणा आम्हाला आमच्या स्वतःच्या प्रवासांबद्दल दाखवता आला नसता. होन्नावरच्या तेरा शाळांमधल्या मुली कोण होत्या, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण त्या होत्या, आणि एका मोरोक्कोच्या माणसाला त्या दिसल्या. आमच्या मुली कोणाला दिसणार, आणि त्यांना कोण दिसणार?

म्हणून या डिसेंबरात शाळेची सहल होन्नावर आणि भटकळला न्यायची असे आम्ही ठरवले आहे. दोन रात्री. परराज्यात जायचे म्हणून परवानगीचा अर्ज शिक्षण विभागाकडे गेला आहे. स्टाफरूममध्ये अजून दोन गट आहेत. वॉटर पार्कचा गट मोठा आहे. मुख्याध्यापकांनी 'पालक तयार असतील तर' असे म्हटले आहे, म्हणजे काय ते जाणकारांना कळेल. मुलींच्या पालकांना पाठवलेल्या सतरा संमतिपत्रांपैकी आजवर अकरा सह्या होऊन परत आली. दोन कोरी आली. एकावर लिहिले आहे, 'वालिद कुवेत में हैं, पूछ कर बताएँगे.' तीन आलीच नाहीत, त्या घरी आम्ही जुम्म्यानंतर जाऊन येणार आहोत. सोबत दोन शिक्षिका येत आहेत. गाडीची आसने मिळतील. अडचण राहण्याची आहे: मुली-मुलगे मिळून तीस-पस्तीस जणांना होन्नावरात एक रात्र उतरायला स्वच्छ जागा हवी, मग ती शाळेची असो, मदरशाची असो, धर्मशाळेची असो की मठाची. कोणा वाचकाची तिकडे ओळख असेल तर त्यांनी या अंकाच्या संपादकांकडे कळवावे.